झोंबी कॉमेडीचा प्रिव्ह्यू: लोक हसले, पण व्यंग पोचलं नाही. एडिटमध्ये काय करायचं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. सिनेमा झोंबी कॉमेडी आहे, पुनर्विकासाला निघालेल्या एका जुन्या हाउसिंग सोसायटीत घडतो. टोला आहे तो बिल्डर, मॅनेजिंग कमिटी आणि ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणत सह्या करणाऱ्या सभासदांवर. साधारण दोन तासांचा कट दोन ठिकाणी दाखवलात. पुण्यात ओळखीपाळखीच्या लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. सांगलीत अनोळखी प्रेक्षक पहिला अर्धा तास गप्प बसले, मग भलत्याच ठिकाणी हसले आणि फॉर्मवर ‘लॉजिक नाही’, ‘नेमकं सांगायचंय काय?’ असं लिहून गेले. दोघा-तिघांनी ‘वॉचमन आणि कामवाल्या बायकांची चेष्टा केली आहे’ असंही लिहिलं. निर्माते म्हणतात, व्यंग कापा, कॉमेडी वाढवा आणि शेवटी नायकाच्या तोंडी एक भाषण टाका. कोणाचं ऐकावं, असा तुमचा प्रश्न आहे.

निर्मात्यांचे तिन्ही उपाय मी तरी आत्ता बाजूला ठेवीन. सांगलीच्या प्रेक्षकांना विनोदाचं किंवा व्यंगाचं वावडं आहे असं तुमच्या वर्णनातून दिसत नाही. कशाला हसायचं हे त्यांना वेळेत कळलेलं नाही, एवढंच दिसतं. तक्रार जिथे ऐकू येते तिथे बिघाड नसतो, हे एडिटच्या टेबलावर सारखं दिसतं. शेवट कळला नाही म्हणणाऱ्या प्रेक्षकाची अडचण बहुतेक वेळा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत असते. झोंबीपटात तर हे दुपटीने खरं आहे, आणि त्याचं कारण समजून घेतलंत तर निम्मं काम होईल.

आपल्या प्रेक्षकाला भुताचे नियम पाठ असतात. उलटी पावलं, पिंपळ, अमावस्या, उतारा, अपुरी राहिलेली इच्छा. मुंजा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला पडद्यावर समजावून सांगावं लागत नाही. झोंबीचं तसं नाही. हा मेलेला आहे की आजारी? चावल्यावर किती वेळात बदलतो? धावतो की फरपटत चालतो? डोक्यात मारलं तर मरतो का? ओळखीच्या माणसाला ओळखतो का? ज्याने इंग्रजी सिनेमे आणि मालिका पाहिल्या आहेत त्याला हे सगळं माहीत असतं. तुमचे पुण्याचे मित्र त्यातले. ज्याने पाहिलेले नाहीत तो अर्धा तास हे कोडं सोडवत बसतो, आणि कोडं सोडवणारा माणूस हसत नाही. त्याच्या भाषेत या अवस्थेचं नाव ‘लॉजिक नाही’. तो तुमच्या कथेला नावं ठेवत नसतो, नियम दिला नाहीत एवढंच सांगत असतो. २०१३ च्या ‘गो गोवा गॉन’मध्ये हे काम पात्रांकडूनच करून घेतलं होतं. समोरचे लोक आहेत तरी कोण, यावर ते आपसात वाद घालतात. भुतं आपल्याकडची, ही ब्याद बाहेरून आलेली, असा निष्कर्ष काढतात. नियमही मिळतो आणि हशाही.

नियम देताना तो तुमच्या व्यंगाशी जोडलेला असला पाहिजे. १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने हे एका वाक्यात केलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका खऱ्या मॉलमध्ये, मनरोव्हिलला, मॉल बंद झाल्यावर रात्री चित्रीकरण करून तो सिनेमा बनला. पात्रं छतावरून मॉलकडे बघतात, खाली मेलेली माणसं घुटमळत असतात. ही इथे का येतात, याचं उत्तर साधारण असं मिळतं: जुन्या सवयीची आठवण असावी, जिवंतपणी ही जागा त्यांच्यासाठी महत्त्वाची होती. बस. त्यानंतर सरकत्या जिन्यावर धडपडणारा प्रत्येक झोंबी आपोआप ग्राहकांवरचं व्यंग होतो, पुन्हा कोणाला काही सांगावं लागत नाही. झोंबी कसा वागतो हे सांगणारं वाक्य आणि माणसं कशी वागतात हे सांगणारं वाक्य तिथे एकच आहे. तुमच्या सोसायटीतले झोंबी नेमकी कोणती सवय बरोबर घेऊन फिरतात? हे पहिल्या वीस मिनिटांत कुठे कळतं, ते कटमध्ये बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं तर तिथूनच सुरुवात करा.

तुम्ही वर्णन केलेला सभेचा प्रसंग घेऊ, कारण सिनेमातला सगळ्यात चांगला विनोद तोच वाटतो. गच्चीवर सर्वसाधारण सभा भरलेली, निम्मे सभासद झोंबी झालेले. सेक्रेटरी ठराव वाचतो. झोंबी नेहमीप्रमाणे हात पुढे करून येतात. तो हात मोजतो आणि म्हणतो, “ठराव एकमताने मंजूर.” पुण्यात हात वर येतानाच हशा फुटला आणि सेक्रेटरीचं वाक्य त्यात बुडालं. सांगलीत हातांवर कोणी हसलं नाही, ‘एकमताने’वर थोडे हसले. म्हणजे एकच प्रसंग दोन ठिकाणी दोन वेगळ्या कारणांनी निकामी झाला आहे, आणि दोन्हींवर औषध वेगळं आहे.

सांगलीचं आधी बघू. हात म्हणजे मत, ही जोडणी प्रेक्षकाच्या डोक्यात आधीपासून नसेल तर वर आलेले हात म्हणजे नुसते झोंबीचे हात. त्यासाठी याच गच्चीवरची, सगळे जिवंत असतानाची एक साधी सभा पहिल्या पंधरा मिनिटांत हवी. कोणी कागद वाचलेला नाही, कोणी मोबाइल बघतोय, सेक्रेटरी “सगळ्यांचं हो ना?” म्हणतो, हात वर जातात, तळमजल्यावरच्या एकट्या आजींचा हात खालीच राहतो. वीस-पंचवीस सेकंद पुरेत. कॅमेरा दोन्ही सभांत एकाच जागी, लेन्स तीच, सेक्रेटरीचं बोलणंही तेच. ‘शॉन ऑफ द डेड’मध्ये (२००४) नायक घरातून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दोनदा चालत जातो. पहिल्यांदा सगळं नेहमीचं, दुसऱ्यांदा रस्त्यावर झोंबी आणि दुकानात रक्त, आणि पठ्ठ्याच्या काहीही लक्षात येत नाही. दुसरी चाल हसवते ती पहिलीच्या जिवावर. शिवाय सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच रोजची कामावर जाणारी माणसं झोंबीसारखी हलताना दाखवून व्यंगाचा रोख कुठे आहे हे सांगून टाकलेलं असतं.

सांगलीत अजून एक गोष्ट झाली असेल असा माझा अंदाज आहे. कॉर्पस फंड, एफएसआय, ट्रान्झिटचं भाडं, वाढीव कार्पेट एरिया हे शब्द मुंबई-पुणे-ठाण्यात रोजच्या बोलण्यातले आहेत. स्वतःच्या बैठ्या घरात राहणाऱ्या माणसाला ते हसवणार नाहीत. पण सभा, कोरम, इतिवृत्त, आधी ठराव आणि नंतर चर्चा हे ग्रामसभेपासून शाळेच्या पालक सभेपर्यंत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माहितीवर उभा असलेला विनोद गाव बदललं की पडतो, वागण्यावर उभा असलेला टिकतो. म्हणून पारिभाषिक शब्दांवरचे पंच मोजा. पहिल्या तासात सात-आठ असतील तर दोन ठेवा, बाकी उडवा. याचा अर्थ स्थानिकपणा काढून टाका असा नाही. ‘झोंबिवली’ (२०२२) डोंबिवलीतच घडतो, टॉवर आणि झोपडपट्टी यांच्यातला पाण्याचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. २०१४ साली हिरवा पाऊस आणि २०२० साली एमआयडीसीतला गुलाबी रस्ता पाहिलेल्या डोंबिवलीकराला त्यात जास्तीचं काही दिसणारच. पण पाणी न मिळणं म्हणजे काय हे लातूरच्या प्रेक्षकालाही सांगावं लागत नाही. क्यूबाच्या ‘हुआन दे लोस मुएर्तोस’मध्ये (२०११) सरकारी टीव्ही झोंबींना अमेरिकेच्या पैशावर नाचणारे सरकारविरोधक ठरवतो. हवानाच्या प्रेक्षकाला तो टीव्हीचा सूर ओळखीचा, पण सरकारी बातम्यांची भाषा जगभर सारखीच असल्याने तो विनोद बाहेरही चालला आणि २०१३ साली त्या सिनेमाला स्पेनचा गोया पुरस्कार मिळाला.

आता पुण्यातली अडचण. ती निव्वळ टायमिंगची आहे. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, पुढचं वाक्य घेतो आणि दहा प्रयोगांत नेमकी जागा पकडतो. तुमच्या सेक्रेटरीला ती सोय नाही, त्याच्यासाठी तुम्हाला थांबावं लागेल. भरलेल्या हॉलमध्ये चांगला हशा दोन ते चार सेकंद चालतो, त्यातला पहिला दीड सेकंद दणदणीत असतो. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशेबाने हात वर आल्यापासून वाक्यापर्यंत किमान ३६ फ्रेम्स, शक्य तर ४८ हव्यात. पण तिथे नुसता थांबलेला चेहरा ठेवू नका. रिकाम्या हॉलमध्ये, किंवा घरी मोबाइलवर एकटा बघणाऱ्याला, ती जागा भोकासारखी वाटते. तिथे काहीतरी घडत राहिलं पाहिजे, पण कथेची माहिती नको. सेक्रेटरी पेनाने हवेत हात मोजतोय, एका झोंबीचा हात खांद्यापासून गळून पडतो, सेक्रेटरी क्षणभर विचार करून तोही मोजतो. हशात ते अर्धवट दिसलं तरी नुकसान नाही आणि शांततेत दिसलं तर स्वतःच एक विनोद आहे. वाक्य ऐकू यावं म्हणून त्याचा आवाज मात्र चढवू नका. हशावर ओरडणारा डायलॉग कानाला लगेच खोटा लागतो.

आवाजाच्या मिक्सिंगमधली आणखी एक गोष्ट तपासा. झोंबींचं गुरगुरणं आणि माणसाचं बोलणं ध्वनीच्या एकाच पट्ट्यात, साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झमध्ये, एकमेकांवर बसतं. ‘पहिला अर्धा तास शांतता’ याचं एक कारण लोकांना शब्दच नीट ऐकू आले नाहीत हे असू शकतं, विशेषतः हॉलचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ च्या ठरलेल्या पातळीऐवजी ५ वर ठेवला असेल तर. छोट्या गावातल्या जुन्या हॉलमध्ये, आणि बऱ्याच मल्टिप्लेक्समध्येही, असं सर्रास होतं. डायलॉगखाली गुरगुर ४ ते ६ डेसिबलने दाबा किंवा तिचा मधला भाग कापून तिला खालच्या, पोटातून येणाऱ्या आवाजावर ठेवा. पुढच्या खेळाआधी प्रोजेक्शनवाल्याला भेटून फेडरचा आकडा लिहून घ्या. दोन गावांची तुलना करायची आणि आवाजाची पातळी वेगळी, तर त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

भलत्या ठिकाणचा हशा हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याला घाबरायचं कारण नाही. झोंबीपटात निदान चार प्रकारचे हशे येतात. दचकल्यावर सुटकेचा हशा येतो: आधी किंकाळी, मग एक-दीड सेकंदात हसू. हा मिळाला तर भीती लागू पडली असं समजा आणि त्या जागेत महत्त्वाचं वाक्य ठेवू नका. ओळखीचा हशा, म्हणजे ‘अरे, आमचा सेक्रेटरी अस्साच आहे’, हा तुमच्या व्यंगाचा खरा पुरावा. तो मोठा नसतो, पण लोक हसता हसता शेजाऱ्याकडे बघतात. तिसरा, एखाद्या पात्राच्या फजितीवरचा हशा, सगळ्यात सोपा मिळतो आणि सगळ्यात लवकर विटतो. चौथा, मेकअप किंवा व्हीएफएक्स (संगणकावर केलेली दृश्यं) फसल्याचा. ओळखायची खूण अशी की हवा असलेला हशा अर्ध्या सेकंदात सगळ्या हॉलभर उठतो आणि खाली बसतो. फसलेल्यावरचा हशा दोन-तीन कोपऱ्यांत सुरू होतो, मागोमाग कुजबुज येते, आणि पुढच्या गंभीर शॉटवरही कोणीतरी फिसकतं. तो झाला असेल तर शॉट लहान करा. रबरी जखम १२ फ्रेम्स चालून जाते, दोन सेकंद चालत नाही. अर्थात रक्त मुद्दाम भडक, चित्रकथेसारखं ठेवायचं ठरवलं असेल तर पहिल्याच चाव्यापासून तसं ठेवा. आधी काळपट खरं रक्त आणि नंतर लालभडक, असं झालं की लोक तुमच्यासोबत हसायचे थांबतात आणि तुम्हाला हसायला लागतात.

हे सगळं कळायला फॉर्म पुरे पडत नाहीत, हॉलचा आवाज रेकॉर्ड करावा लागतो. दोन साधे रेकॉर्डर, डाव्या-उजव्या भिंतीला, पडद्यापासून एक तृतीयांश अंतरावर, माइकचं तोंड खुर्च्यांकडे. सिनेमाचा आवाज त्यात येणारच, त्यावरूनच वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) जुळवून ही ट्रॅक एडिटच्या टाइमलाइनवर कटखाली बसवता येते. मग एकदा सिनेमा म्यूट करून नुसता हॉल ऐका आणि मार्कर टाकत चला: हव्या हशाला हिरवा, नकोशाला लाल, दचकण्याला पिवळा, कुजबुज-खोकल्याला निळा. शक्य असेल तर अंधारात दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा पडद्याजवळून खुर्च्यांवर लावा आणि दर मिनिटाला किती मोबाइल पेटले ते मोजा. रेकॉर्डिंग होणार आहे हे प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगून संमती घ्या. निळे मार्कर आणि मोबाइल एकाच जागी जमले की कात्री तिथे चालवायची, फॉर्म काहीही म्हणोत. आणि दिग्दर्शकाने मागच्या रांगेत बसायचं, कोपऱ्यात उभं राहायचं नाही. उभा माणूस दिसला की लोक सभ्यपणे वागतात.

फॉर्म टाकून द्या असं मात्र म्हणत नाही. पण ‘सिनेमातलं व्यंग कळलं का?’ असा प्रश्न विचारलात तर न कळलेलाही ‘हो’ लिहील. पहिला प्रश्न मोकळा ठेवा: ‘हा सिनेमा कशाबद्दल आहे, घरी एका वाक्यात कसं सांगाल?’ माझा ढोबळ हिशेब असा की निदान तिसरा हिस्सा लोकांनी आपल्या शब्दांत सोसायटी, घर, बिल्डर, लोभ, सही यातलं काही लिहिलं तर व्यंग पोचलं आहे. सगळ्यांनीच लिहिलं तर ते जास्त बटबटीत झालं आहे. मग पाच पायऱ्यांची श्रेणी, आवडलेला आणि कंटाळा आलेला प्रसंग, गोंधळात पाडणारी जागा, इतरांना बघायला सांगाल का, वय, गाव, आधी झोंबीपट पाहिलाय का. हा शेवटचा प्रश्न सांगलीत विचारला नसेल तर पुढच्या वेळी विसरू नका, सगळे फॉर्म त्यावरून दोन गठ्ठ्यांत वेगळे करता येतात. बारा प्रश्नांच्या वर जाऊ नका. आणि शंभर फॉर्ममध्ये आकड्याची चूक दहा टक्के इकडे-तिकडे असते. आधी ४८ जणांना आवडला आणि बदलानंतर ५४ जणांना, यावर पेढे वाटू नका.

मध्यंतरात काहीही विचारू नका. जपानच्या ‘वन कट ऑफ द डेड’ची (२०१७) पहिली ३७ मिनिटं एकाच शॉटमधला स्वस्तातला, अडखळणारा झोंबीपट आहेत. तिथे फॉर्म वाटले असते तर ‘वाईट’वर खुणा पडल्या असत्या. तो तसा का अडखळतो, याचं उत्तर नंतर येतं आणि आधी जे जे फसलं होतं तेच हशाचं कारण होतं. सुमारे ३० लाख येनमध्ये झालेल्या त्या सिनेमाने ३ अब्ज येनच्या वर कमावले. पण यावरून ‘आपलंही नंतर कळेल’ असा दिलासा घेऊ नका. आपल्याकडे मध्यंतर आहे, लोक बाहेर येऊन समोसा खाताना सिनेमाचा निकाल लावतात. जपानी प्रेक्षक त्या ३७ मिनिटांनंतर बाहेर जात नव्हता. तुमचा रोख कोणावर आहे हे मध्यंतराच्या शॉटपर्यंत उघड झालंच पाहिजे.

वॉचमन आणि कामवाल्यांची तक्रार दोघा-तिघांचीच असली तरी मी ती सगळ्यात आधी घेईन. तुमच्या सांगण्यावरून दिसतं की पहिले तीन बळी वॉचमन, भांडी घासणाऱ्या मावशी आणि इस्त्रीवाला आहेत, कारण सकाळी लवकर सोसायटीत तेच असतात. कथेच्या दृष्टीने हे तर्काला धरून आहे. पण कॉमेडीत पहिला मृत्यू ‘इथे कोणाच्या मरणावर हसायचं’ हे ठरवून देतो. पहिल्या तीन मरणांवर हसवलंत की पुढे कमिटीवर कितीही कोरडे ओढा, हॉलमधल्या निम्म्या लोकांचं बोट आधीच चुकीच्या दिशेला गेलेलं असतं. नवीन चित्रीकरण न करता दोन गोष्टी होतात. एक, या तिघांपैकी दोन मृत्यू पडद्याबाहेर ठेवा, नुसता आवाज आणि रिकामी सायकल. दोन, बिल्डरच्या माणसाचा किंवा कमिटीतल्या एकाचा पहिला मोठा, हसवणारा प्रसंग ओढून पुढे आणा, भले त्यासाठी एखादा सीन जागा बदलो. पडद्यावर उरेल तो मावशींचा मृत्यू, त्यावर विनोद नको. तो दुखला पाहिजे. भीतीला खरा तोटा नसेल तर मध्यंतरानंतर हशाही आटतो, हे या प्रकाराचं व्यावहारिक गणित आहे.

भाषणाबद्दल. निर्माते ते मागणारच, कारण ‘सांगायचंय काय’ असं फॉर्मवर लिहून आलंय. पण ज्यांना दीड तासात कळलं नाही त्यांना भाषणाने फक्त ‘संदेश होता’ एवढं कळतं, आणि ज्यांना कळलं होतं त्यांचा मजा घेतल्याचा आनंद जातो. त्याच पैशात अर्ध्या दिवसाचं पॅच शूट करा: जिवंत सभेचे शॉट्स, नोटिस बोर्डावरची ‘विशेष सर्वसाधारण सभा’ अशी सूचना, आजींचा खाली राहिलेला हात. गरज पडली तर पाठमोऱ्या शॉटवर एक वाक्य डब करून नियम देता येतो, त्याला चित्रीकरणही लागत नाही. ‘हसा हसा’ म्हणणारं क्लॅरिनेट आणि तारा छेडल्याचं पार्श्वसंगीत व्यंगाच्या सगळ्या प्रसंगांतून काढून एकदा बघा. सेक्रेटरी गंभीर असताना संगीतही गंभीर राहिलं तर ‘एकमताने’ हा शब्द जास्त लागेल.

क्रम मी असा ठेवीन. आधी पैसे न लागणारे बदल: मृत्यूंची फेरफार, पारिभाषिक पंच कापणं, ३६ फ्रेम्सची जागा, गुरगुर खाली. त्यावर एक खेळ. मग पॅच शूट टाकून दुसरा. एका वेळी सगळं बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. प्रत्येक खेळाला १०० ते १५० अनोळखी माणसं, संध्याकाळची वेळ, तिकीट न लावता निमंत्रणावर. कलाकारांचे नातेवाईक एकही नको. खेळानंतर पंधरा-वीस जणांना थांबवून बोला, पण बोलायला तुमच्याऐवजी तिऱ्हाईत माणूस द्या, आणि चर्चा सुरू करण्याआधी श्रेणीसाठी हात वर करून घ्या. नाहीतर पहिला बोलका माणूस बाकीच्यांचं मत ठरवतो.

हे सगळं सेन्सॉरला जाण्याआधी उरकायचं. प्रमाणपत्र मिळाल्यावर केलेला प्रत्येक बदल मंडळाला पुन्हा दाखवावा लागतो. २०२४ पासून यूए ७+, १३+, १६+ अशी विभागणी आली आहे, त्यामुळे गळून पडलेल्या हातासारखी गोष्ट कुठल्या गटात नेऊन बसवेल याचाही विचार त्या शॉटची लांबी ठरवताना करा. व्हीएफएक्सवाल्यांना सभेचा आणि पहिल्या तीन मृत्यूंचा भाग एवढ्यात लॉक (पक्का) करून देऊ नका, बाकीच्या रिळांवर त्यांना काम सुरू करू द्या. आणि पुढचा खेळ पुण्यात न लावता पुन्हा सांगलीलाच लावा, नव्या माणसांसमोर, फेडर ७ वर.